तार कोनाची

आमच्या आबाजींनी उमेदीची सगळी वर्षे पोस्ट अँड टेलिग्राफ खात्यात लाइनमन म्हणून काढली. मूलपासून गोंडपिंपरीकडे आणि इकडे पोंभुर्ण्यापर्यंतचा मुलूख त्यांच्या पायाखालचा. खांद्यावर तारेचे वेटोळे, पिशवीत पक्कड आणि चिनी मातीचे दोन-चार पांढरे इन्सुलेटर. सागाची फांदी तारेवर पडली, पावसात खांब कलला, वानरांनी तारेला झोके घेतले की निरोप यायचा आणि आबाजी खांबाखांबाने निघायचे. अंधारी नदीच्या काठच्या रानात वाघ असायचाच. त्याविषयी ते फार बोलत नसत. ते बोलत मातीविषयी.

जुन्या तारयंत्राला तार एकच असे. वीज तारेतून जायची आणि जमिनीतून परत यायची. स्टेशनामागे जमिनीत लोखंड पुरलेले असे, त्याला खात्यातली माणसे ‘अर्थ’ म्हणत. आमच्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यातला मे महिना ज्याने भोगला आहे त्याला सांगायला नको की त्या दिवसांत माती कशी होते. ती इतकी सुकायची की वीज घेईनाशी व्हायची. तारबाबू किल्ली दाबत बसे आणि पलीकडे काही उमटत नसे. मग आबाजी विहिरीवरून घागर आणून अर्थच्या खड्ड्यात ओतत. थोड्या वेळाने साउंडर पुन्हा टकटकू लागे. “तारेले पानी पाजा लागते, बाबू,” असे ते सांगत, आणि त्यात गंमत नव्हती, ती त्यांची रोजची कामगिरी होती.

दुसरी गोष्ट ते सांगत ती टेलिफोनच्या डब्याची. हाताने दांडी फिरवायच्या जुन्या फोनचे झाकण उघडले की आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला असे. त्यावर त्या यंत्राचा नकाशा: घंटी कुठे, बॅटरी कुठे, कोणती तार कुठून कुठे जाते. चौथीच्या पुढे न शिकलेले आबाजी तो नकाशा वाचत. जंगलातल्या एखाद्या रेंज ऑफिसात फोन मुका झाला तर कोणाला न विचारता बोट ठेवून दोष शोधत. यंत्र बनवणारा माणूस झाकणाआड सगळे लिहून ठेवतो, कारण दुरुस्त करणारा त्याच्यापासून शेकडो मैल लांब असणार हे त्याला माहीत असते, असा त्यांचा विश्वास होता. पुढे माझ्या खोलीत ज्या दिवशी हा विश्वास मोडला, त्या दिवसाचे सांगायचेच आहे. पण त्याआधी थोडे मागे जातो.

आबाजींना त्यांच्या आजीने सांगितलेली एक हकिकत होती. घरात ती गोष्ट म्हणून सांगितली जायची, आणि मोठा झाल्यावर चांद्याच्या इतिहासात वाचली तेव्हा ती जवळपास तशीच निघाली. १८५८ साली मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे व्यंकटराव हे गोंड जमीनदार इंग्रजांविरुद्ध उठले. त्या वर्षीच्या २९ एप्रिलला त्यांच्या माणसांनी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या तळावर हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन साहेब मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला आणि डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टनकडे पोचला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगातल्या पिंपळावर फाशी दिले. त्या पिंपळाला आजही त्या तारखेला माणसे हार घालतात.

आबाजींच्या आजीला राजकारण ठाऊक नव्हते. तिच्या कथेत एक म्हातारा गोंड रोवलेल्या खांबाकडे पाहून विचारतो, “तार कोनाची?” उत्तर कोणी देत नाही. ही तार कोणासाठी चालली आहे, तिच्यातून काय जाते, हे त्या रानातल्या एकाही माणसाला सांगितलेले नव्हते. बातमी त्यांच्या डोक्यावरून जाणार, फौज त्या बातमीमागून येणार. खाती, साहेब, सरकारे बदलली, पण आबाजींनी तो प्रश्न सोडला नाही. खात्याची तीस-पस्तीस वर्षे इमानाने नोकरी केलेला हा माणूस तार तोडणाऱ्यांची गोष्ट आदराने सांगत असे. मला लहानपणी त्याचे नवल वाटायचे. आता वाटत नाही.

फोनची पुढची वर्षे भराभर सांगतो. ट्रंक कॉल होता तोवर आमच्या गावातले लोक तो वर्षातून एकदा-दोनदाच करत. मयत, लग्न, आणि झाडीपट्टीतल्या नाटकाचे बुकिंग. मंडईच्या दिवसांत वडशाला नाटक कंपनीशी तारीख ठरवायची म्हणजे ऑर्डिनरी लावायचा की अर्जंट, यावर पंचांची बैठक बसे. लायटनिंग कॉल हा प्रकार आम्ही फक्त ऐकून होतो. मग सी-डॉट आले. १९८४ च्या ऑगस्टमध्ये स्थापन झालेल्या या सरकारी संस्थेने खेड्यांसाठी १२८ पोर्टचे छोटे एक्स्चेंज घडवले. त्यातले पहिले १९८६ च्या जुलैत कर्नाटकात कित्तूरला लागले. बाहेरच्या एक्स्चेंजांना वातानुकूलित खोली लागे, हे उकाड्यात आणि धुळीत चालावे म्हणूनच बनवलेले होते. आबाजी तोवर निवृत्त झाले होते, पण आमच्याकडे ते एक्स्चेंज बसल्यावर ते बघायला गेले आणि परत येऊन म्हणाले, “आपल्या उन्हाचा इचार करून बनवलं गा कोनतरी.” एवढी पावती त्यांनी फार थोड्या वस्तूंना दिली.

चंद्रपुरात शिकत असताना मी जोडून घेतलेला संगणक गावी आणला. त्यावर लिनक्स होते. कारण साधे होते: दुसरी प्रणाली विकत घेण्याएवढे पैसे नव्हते आणि चोरीची टाकायची नाही, असे ज्या मास्तरांनी शिकवले त्यांचा शब्द मोडवत नव्हता. लिनक्सची सीडी मासिकासोबत मिळे. अतुल चिटणीस आणि पीसीक्वेस्ट मासिकाने १९९६ साली स्लॅकवेअरची सीडी अंकासोबत वाटली, तेव्हापासून भारतातल्या कितीतरी पोरांच्या हाती लिनक्स असे टपालाने पोचले. संगणक सुरू झाला, पडदा दिसला, आवाज आला. आत बसवलेला मोडेम मात्र गप्प.

हा गप्पपणा समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. मोडेमचे काम म्हणजे संगणकाच्या आकड्यांचे सूर करून टेलिफोनच्या तारेत सोडायचे आणि पलीकडून आलेल्या सुरांचे पुन्हा आकडे करायचे. खऱ्या मोडेममध्ये त्यासाठी स्वतःची छोटी चिप असते. स्वस्त करण्यासाठी उत्पादकांनी ती काढून टाकली. कार्डावर उरली फक्त टेलिफोनची तार खोचायची जागा आणि थोडी विद्युत सामग्री. सूर बनवायचे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर टाकले. ते काम कसे करायचे हे सांगणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्यांनी फक्त विंडोजसाठी दिला. म्हणून अशांचे नाव पडले विनमोडेम. लिनक्सला विचारले की कार्ड कोणाचे, तर ते कंपनीचा क्रमांक अचूक सांगे. त्या कार्डाशी बोलायचे कसे, हे मात्र त्यालाही कोणी सांगितलेले नव्हते.

आबाजी तेव्हा ऐंशीच्या जवळ आले होते. खाटेवर बसून माझी खटपट पाहत. एका दुपारी मी ते कार्ड काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते उलटेपालटे केले, चष्मा वर सरकवून दोन्ही बाजू पाहिल्या आणि विचारले, “नकाशा कोठी हाय याचा?”

मी म्हटले, “आबाजी, कंपनी देत नाही.”

“देत नाही म्हंजे? मंग बिघडलं त कोन पाहील?”

“कोणीच नाही. नवीन घ्यायचं.”

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मंग हे तुझं नाही गा. तू पैसे देल्ले, पन तुझं नाही.”

तोवर मला जे ठाऊक नव्हते ते नंतर वाचनातून कळले: मुक्त सॉफ्टवेअरची सगळी चळवळच अशा एका अडेल यंत्रापासून सुरू झाली होती. अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्सने दिलेला लेझर प्रिंटर होता. त्यात कागद अडकत. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी बदल करून ठेवला होता, कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना सूचना जाई. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मागितला तेव्हा तो ज्याच्याकडे होता त्याने दिला नाही. कंपनीला तसे वचन दिले होते. १९८३ च्या सप्टेंबरात स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. दोघांनी मिळून काही केले नाही, पण दोघांचे काम एकत्र आले आणि मासिकासोबत आमच्या घरी आले. प्रिंटरच्या अडलेल्या कागदाची गोष्ट मी आबाजींना सांगितली तेव्हा त्यांना ती लगेच पटली. अमेरिकेतल्या माणसालाही झाकणाच्या आतला कागद मिळाला नव्हता, एवढे त्यांना पुरे होते.

हा कागद न मिळता लोकांनी काय केले, त्याची कहाणी मला रामायणाहून कमी वाटत नाही. नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणाऱ्या डोनाल्ड बेकर यांनी नव्वदच्या दशकात स्वस्त नेटवर्क कार्डांसाठी एकामागून एक ड्रायव्हर लिहिले. आज कुठल्याही जुन्या कार्डात तार खोचली आणि लिनक्सने ते कार्ड ओळखले, तर त्यामागे बहुधा त्यांचे श्रम असतात. वायरलेसची वेळ आली तेव्हा ब्रॉडकॉमच्या चिपा अडून बसल्या. कंपनी माहिती देईना. तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एका गटाने कंपनीचा बंद ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते याचे नुसते वर्णन लिहिले. दुसऱ्या गटाने तो बंद ड्रायव्हर पाहिलाही नाही, फक्त ते वर्णन वाचून नवा लिहिला. म्हणजे नक्कल केल्याचा आरोप कोणी करू नये. तो ड्रायव्हर २००६ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात गेला. दरम्यान ज्यांना थांबवत नव्हते त्यांच्यासाठी पोंटस फुक्स यांनी एनडीआयएस-रॅपर लिहिले होते, आणि ते पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी सांभाळले: विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सच्या आत चालवायचा. तोडगा होता, चालायचाही, पण नकाशा तरीही हाती येत नव्हता. २००७ च्या जानेवारीत ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी जाहीरच केले की कंपन्यांनी फक्त यंत्राची माहिती द्यावी, लिनक्सचे लोक ड्रायव्हर फुकट लिहून देतील. आणि २०१० च्या सप्टेंबरात खुद्द ब्रॉडकॉमने नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. ज्या दिवशी हे वाचले त्या दिवशी आबाजी नव्हते. सांगायला कोणी नव्हते, म्हणून मी ते आईला सांगितले.

पण हे पुढचे. आबाजी होते तोवर माझ्या खोलीतला मोडेम काही बोलला नाही. बोलले ते मामाजींचे यंत्र.

वैनगंगेच्या बाजूला मामाजींच्या गावात टेलिफोनची तांब्याची तार पोचलीच नव्हती. आधी तिथे रेडिओवर चालणारा सार्वजनिक फोन होता, तो आठवड्यातले बरेच दिवस मुका असे. मग बीएसएनएलचा डब्ल्यूएलएल फोन आला. दिसायला घरातल्या साध्या फोनसारखा, पण तार नाही. छपरावर बांबूला बांधलेला अँटेना आणि आत सीडीएमए रेडिओ. त्याच्या मागे माहितीची तार खोचायला एक छिद्र होते. सोबतच्या कागदावर विंडोजसाठीच्या सूचना छापलेल्या. मामाजी म्हणाले, “तुह्या त्या संगणकाले लावून पाय ना.” बैलबंडीत धानाच्या पोत्यांवर गोधडी घालून आम्ही संगणक त्यांच्या घरी नेला. आबाजीही बंडीत बसले.

त्या माहितीच्या तारेत प्रोलिफिक कंपनीची पीएल२३०३ ही चिप होती. तिचा खुला ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आधीच होता. सीडी नाही, काही नाही. तार खोचली आणि पडद्यावर ओळ उमटली की टीटीवाययूएसबी० नावाचे एक दार उघडले आहे. मी मिनीकॉम नावाचा प्रोग्राम उघडला. काळ्या पडद्यावर दोन अक्षरे टंकली: एटी. एंटर दाबले. खाली उत्तर आले: ओके.

आबाजी खाटेवरून उठून जवळ आले. “पुन्हा कर,” म्हणाले. मी पुन्हा केले. पुन्हा ओके.

तारघरात त्यांनी आयुष्यभर हेच पाहिले होते. तारबाबू आधी पुढच्या स्टेशनाला हाक मारी, तिकडून ओ आली की मगच मजकूर सुरू करी. ओ आली नाही तर आबाजींना बोलावणे. ही एटीची हाक १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली. तिची आज्ञावली सगळ्यांना ठाऊक झाली आणि पुढे ज्याने त्याने आपल्या मोडेमला तीच भाषा शिकवली. म्हणून पंचवीस वर्षांनी, दुसऱ्याच देशात बनलेला, तारेविना चालणारा फोन पोंभुर्णा तालुक्यातल्या कुडाच्या घरात तिला ओ देत होता. त्या दुपारी मला यंत्रांविषयी जे कळले ते कुठल्याही वर्गात कळले नव्हते. बंद कार्ड आणि हा उघड फोन यांत अकलेचा फरक नव्हता. एकाला त्याच्या मालकाने बोलायची मनाई केली होती, एवढेच.

मग सिग्नलची आज्ञा दिली. आकडा अगदी कमी आला. आबाजींनी बाहेर जाऊन मामाजींना बांबू फिरवायला लावला. मी आतून आकडा ओरडून सांगायचो, ते बाहेरून “अजून थोडा मूलकडे” असे सांगायचे. आयुष्यभर खांब सरळ करणाऱ्या माणसाला दिशेचे बोट दाखवायला नकाशा लागत नव्हता. आकडा वाढला. वीवडायल या प्रोग्रामच्या फाइलमध्ये मी वेगाची ओळ घातली, फोन क्रमांकाच्या जागी #७७७ लिहिले, वापरकर्ता आणि परवलीचा शब्द म्हणून त्या फोनचाच क्रमांक. आणखी एक ओळ घालावी लागली, की पलीकडून कोणी नाव-गाव विचारील याची वाट न पाहता सरळ पीपीपीची बोलणी सुरू कर. ती ओळ नसली की जोडणी होऊन लगेच तुटे. ती घातल्यावर तुटली नाही.

कागदावर वेग १४४ किलोबिट होता, प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही नाही. मी मराठी विकिपीडिया उघडला. तो २००३ च्या मे महिन्यापासून सुरू होता. पान वरून खाली एकेक ओळ करत उतरले. देवनागरीत चंद्रपूर हे नाव दिसले तेव्हा मामीने दिवा जवळ आणला, जणू पडद्याला उजेड लागतो. ती अक्षरे लिनक्सवर नीट जुळून दिसावीत म्हणूनही लोकांनी वर्षे घातली होती. इंडलिनक्सचे कार्यकर्ते, पुण्याच्या रेड हॅटमध्ये बसून मेन्यूतला शब्द न शब्द मराठीत आणणारे भाषांतरकार. माझ्या मते महाराष्ट्राने या मंडळींची पुरेशी आठवण ठेवलेली नाही.

आबाजींनी विचारले, “हे कोनाचं हाय?” मला वाटले ते फोनविषयी विचारतात. ते विचारत होते लिनक्सविषयी. मी सांगितले की ज्यांनी लिहिले त्यांचे, आणि परवाना असा आहे की कोणालाही उघडून पाहता येते, बदलता येते, पुढे देता येते. पुढे दिलेल्यातही हीच मुभा ठेवावी लागते. त्यांनी सगळे लक्ष देऊन ऐकले. “म्हंजे कागद आत लावून देल्ला,” ते म्हणाले, आणि मामाजींना चहा करायला सांगितले.

त्यानंतर डोंगलचे दिवस आले. यूएसबीत खोचायच्या त्या कांड्या लिनक्सला मोडेम म्हणून दिसतच नसत. त्या आपण सीडी आहोत असे सांगत, कारण त्यांच्या पोटात विंडोजचा प्रोग्राम भरलेला असे. विंडोजने तो बसवला की मग त्या मोडेम होत. जर्मनीच्या योझुआ डीत्से यांनी यूएसबी-मोडस्विच लिहिले आणि त्या खोट्या सीडीला ‘बाहेर पड’ अशी आज्ञा द्यायची युक्ती सगळ्या जगाला दिली. आज्ञा मिळताच कांडी मोडेम म्हणून पुन्हा उभी राहते. गावातल्या कितीतरी पोरांच्या डोंगलांना मी ही आज्ञा दिली. चंद्रपूरच्या कोर्टात लागलेला माझा आतेभाऊ एक दिवस म्हणाला की साहेबांच्या लॅपटॉपवर तुझेच ते लिनक्स आहे. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरच्या न्यायाधीशांना उबंटू लिनक्स घातलेले लॅपटॉप मिळाले, आणि खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली पुण्याच्या एनआयसीत खुल्या साधनांवर बांधली गेली. खाटेवरच्या दुपारपासून हे फार लांब आलेले होते.

२०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली. घरात आबाजींची पक्कड आहे, ती अजून वापरात आहे.

गेल्या दिवाळीत माझ्या पुतण्याने, नववीतल्या, एक स्वस्त वायफाय अडॅप्टर मागवला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, आतले वायफाय गेलेले. अडॅप्टर खोचला तर काहीच नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटला ड्रायव्हर. त्याने मोबाइल यूएसबीने जोडला, टेदरिंग सुरू केले आणि वाट काढली. तेवढे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. मग त्याच्या लक्षात आले की चिप लिनक्सला ओळखीची आहे, तिचा ड्रायव्हरही आहे, फक्त या अडॅप्टरच्या विक्रेत्याचा आणि मालाचा क्रमांक ड्रायव्हरच्या यादीत नाही. म्हणून ड्रायव्हर त्याला हाक मारत नाही. पुतण्याने तो क्रमांक हाताने ड्रायव्हरला कळवला आणि अडॅप्टर चालू झाला. मी म्हटले, झाले काम. तो म्हणाला, काका, माझं झालं, पण हाच अडॅप्टर दुसऱ्या कोणी घेतला तर? त्याने ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांना पत्र लिहायला घेतले. इंग्रजीची दोन वाक्ये माझ्याकडून तपासून घेतली, बाकीची स्वतः लिहिली. खाली नाव, आणि नावाखाली पोंभुर्णा, जिल्हा चंद्रपूर.

परवा उत्तर आले. एलएसयूएसबी या आज्ञेचा पूर्ण निकाल आणि गाभ्याची आवृत्ती कळव, असे त्यांनी विचारले आहे. शनिवारी सकाळची शाळा असते; दुपारी बसून पाठवतो म्हणाला.